मधलं पान भिंतीवर लागायला हवं : किशोरांसाठी संगीताचं मासिक मांडताना

मास मीडियाच्या किंवा उपयोजित कलेच्या वर्गात मासिकाचा प्रकल्प मिळाला की पहिल्याच दिवशी रंग आणि फॉन्ट निवडणं सुरू होतं. त्याआधी वाचक ठरवा. ‘तेरा ते एकोणीस’ हा एक वाचक नव्हे. आठवीतल्या मुलाला भिंतीवर लावायला पोस्टर हवं असतं. बारावीतली मुलगी स्वतः गिटार वाजवत असते, तिला कॉर्ड्स हव्या असतात. दोघांपैकी एकाला समोर धरा.

स्वतःची आवड मात्र बाजूला ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले वाजले, तेव्हा चौदा वर्षांची असलेली मुलगी मे २०१७ मध्ये त्याच मैदानावर जस्टिन बीबर आला तेव्हा सहा वर्षांची होती. तुमच्या शाळेच्या दिवसांतली गाणी तिच्यासाठी जुनी आहेत. दिवाळी पहाटेला ठाण्यात राम मारुती रोडवर किंवा तलावपाळीला जमणाऱ्या मुलांना ‘मासिक कसं असावं’ असं विचारू नका, हेडफोनमध्ये आत्ता काय सुरू आहे ते विचारा. मुखपृष्ठाचे दोन नमुने खऱ्या मापात छापून आठ-दहा जणांपुढे ठेवा आणि हात आधी कशाकडे जातो ते बघा. ‘आवडलं का’ विचारलंत तर मुलं भिडेखातर हो म्हणतात.

मग डमी, म्हणजे अंकाचा कोरा नमुना. ए-फोर आकाराची ३२ पानं, सेंटर पिनिंग, म्हणजे मधल्या घडीवर पिना. पानांची संख्या चारच्या पटीतच हवी, कारण एका कागदावर चार पानं येतात. आठ कागद घडी घालून, हातानं क्रमांक टाकून डमी बनवली की सगळं कळतं. १६ आणि १७ हा मधला स्प्रेड, म्हणजे समोरासमोरच्या पानांची जोडी, सलग एका कागदावर येतो, म्हणून पोस्टर तिथेच. पिना उचकटून ते काढलं की त्याच्या पाठची १५ आणि १८ ही पानंही जातात. तिथे मुलाखतीचा शेवट टाकलात तर वाचकाला पोस्टर आणि लेख यांतलं एकच मिळेल. या दोन पानांवर कॉर्ड्सचा तक्ता किंवा तालाचे बोल द्या, म्हणजे पोस्टरबरोबर तेही भिंतीपाशी पोचतील. पोस्टरमधला चेहरा बरोबर घडीवर येऊ देऊ नका, पिन नाकात घुसते.

सगळ्यात जास्त वेळ अक्षरांना द्या. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडला नाही तर वेलांटी चुकीच्या जागी जाते आणि जोडाक्षरं सुटतात. भाषा ‘मराठी’ निवडा. काही फॉन्टांत त्यामुळेच ल आणि श मराठी वळणाचे येतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलला असेल तर ‘गाणाऱ्या’सारखे शब्द एकेक करून तपासा, रूपांतरात हा ऱ्य हमखास बिघडतो. मथळ्याची अक्षरं इंग्रजीसारखी ऐसपैस पसरवू नका, शिरोरेषा तुटते. जाड बाह्यरेषा दिली तर अक्षरांचे सांधे आडव्या-उभ्या रेघांनी उघडे पडतात. आधी अक्षरांचे आउटलाइन करून एकत्र जोडा, मगच रेघ द्या. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे मथळा आणि मजकूर यांतला फरक जाडी आणि आकारातूनच दाखवावा लागतो. मजकूर १०.५ किंवा ११ पॉइंट, ओळींतलं अंतर १५ ते १६. वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार असल्यानं त्याहून कमी अंतरात ओळी एकमेकींत अडकतात. मथळ्याला बलू, मजकुराला मुक्ता ही जोडी चालते. दोन्ही फॉन्ट मोफत आहेत. तिसरा फॉन्ट घेऊ नका.

काळ्या पानावर पांढरा मजकूर मुलांना आवडतो, पण चार शाया मिळून केलेला काळा असेल आणि छपाईत रंग केसभर सरकले तर अनुस्वार बुजतात. तिथे १२ पॉइंटच्या खाली जाऊ नका आणि वजन मध्यम ठेवा.

फोटोंचं दुखणं वेगळं. स्टेजवरच्या एलईडीचा निळा-जांभळा स्क्रीनवर चमकतो, पण सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, मळकट होतो. तो रंग शाईत बसतच नाही, त्यामुळे कितीही सॅच्युरेशन वाढवलं तरी उपयोग नाही. फोटो कृष्णधवल करून त्यावर एकच ठसठशीत रंग चढवा. खरा निऑन हवाच असेल तर पाचवी, स्पॉट शाई (आधीच तयार केलेली वेगळी शाई) लागते आणि तिच्या प्लेटचा खर्च वेगळा. पूर्ण पानासाठी ३ मिलिमीटर ब्लीडसह (कडेबाहेरचा, कापून जाणारा भाग) साधारण २५५० बाय ३५८० पिक्सेलचा फोटो लागतो. फोटोग्राफरकडून तो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा; साधा फोटो म्हणून आला तर दाबलेला येतो.

गाणं ऐकवायला क्यूआर कोड दोन सेंटिमीटरचा, फिकट पार्श्वभूमीवर, चारही बाजूंना मोकळी जागा सोडून. मुखपृष्ठावर ग्लॉस लॅमिनेशन असेल तर कोड आतल्या पानावर न्या, चकाकीत फोन अडखळतो. कोड थेट गाण्याच्या लिंकचा करू नका. गाणं उद्या हटलं तर छापलेला अंक मुका होतो. मध्ये स्वतःची बदलता येणारी लिंक ठेवा.

गाण्याचे पूर्ण शब्द छापायचे तर परवानगी घ्यावी लागते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. अठराच्या आतल्या गायक-वादकांचे फोटो वापरताना पालकांची लेखी संमती घ्या.

ठाण्यातली वागळे इस्टेट असो की नवी मुंबईतलं तुर्भे-महापे, फाइल देण्याआधी छापखान्याला कागद विचारा आणि हातात घेऊन बघा. आत १०० जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन), मुखपृष्ठाला २५० हा हिशोब दप्तरात टिकतो. पोस्टरच्या कागदाची मागची छपाई पुढे दिसत नाही ना, हे उजेडासमोर धरून तपासा. प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या तपासणी-प्रतीवर, आधी पानांचा क्रम, मग वेलांट्या आणि अनुस्वार बघा, रंग सगळ्यात शेवटी. आणि प्रूफवर सही करण्याआधी छापलेला प्रत्येक कोड निदान दोन वेगळ्या फोनवर स्कॅन करा.