इअरबड्स घेताय? खोक्यावरचे आकडे वाचण्याआधी या चुका टाळा

नाशिकच्या एम. जी. रोडवर मोबाईलच्या कुठल्याही दुकानात शिरा. काउंटरच्या काचेखाली इअरबड्सचे खोके मांडलेले असतात आणि प्रत्येकावर ठसठशीत आकडे: ५० तास बॅटरी, १३ एमएम ड्रायव्हर, ब्लूटूथ ५.३, ईएनसी. गिऱ्हाईक आकडे ताडून पाहतं आणि ज्याचे मोठे तो खोका उचलतं. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू होतात. कानातून सटकतात, फोनवर समोरच्याला ऐकू जात नाही, एकच बाजू वाजते. खोक्यावरचे आकडे बहुतेक वेळा खोटे नसतात. पण ते बड्स तुमच्या कानात बसतील का, तुमच्या रोजच्या प्रवासात उपयोगी पडतील का, हे त्यांतून कळत नाही. म्हणून कुणी विचारलं की मी आधी दोनच गोष्टी विचारतो: वापरणार कुठे, आणि फोन कोणता? किंमत त्यानंतर.

कानात बसतात की नाही, हे न पाहताच घेणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. आवाजाचा दर्जा, बासचा ठोका, नॉइज कॅन्सलेशन हे सगळं रबरी टिप कानाच्या भोकात किती घट्ट बसते यावर ठरतं. टिप सैल असेल तर बास गळून जातो, गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं आणि माणूस म्हणतो, 'कंपनीच फालतू आहे.' खोक्यात बहुतेक वेळा तीन मापांच्या टिप्स असतात. बड्सवर मधलं माप चढवलेलं येतं आणि बाकीच्या दोन जोड्या खोक्यातच पडून राहतात. त्या काढून बघा. दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही. उजव्याला मधली आणि डाव्याला मोठी लागणारे पुष्कळ लोक आहेत.

तपासायची पद्धत सोपी आहे. बड घालून थोडं फिरवा, मान जोरात हलवा, मग काहीतरी चावल्यासारखा जबडा हलवा. जबडा हलवताना टिप सुटत असेल तर बोलताना आणि चालतानाही सुटणार. गोल्फ क्लब मैदानावर सकाळी चार फेऱ्या मारायच्या असतील किंवा पांडवलेणीच्या पायऱ्या चढायच्या असतील, तर ही परीक्षा दुकानातच घ्या. डेमो पीस असेल तर घालण्याआधी टिप पुसून मागा किंवा बदलून मागा, त्यात संकोच नको. ऑनलाइन घेत असाल तर पैसे भरण्याआधी एक गोष्ट वाचा: माल परत घेऊन पैसे मिळतात, की फक्त बिघडलेला पीस बदलून मिळतो? 'कानाला बसत नाहीत' हा बिघाड धरला जात नाही, त्यामुळे दुसऱ्या प्रकारात तुम्ही अडकता.

काहींना भोकात रबर घुसलेलं सहनच होत नाही, कान दुखतात. त्यांनी टिप नसलेले, कानाच्या भोकाबाहेर नुसते टेकणारे बड्स घ्यावेत. त्यात बाहेरचा आवाज येणार आणि बास कमी लागणार, हे मात्र आधीच मान्य करा. अशा बड्सवर एएनसी, म्हणजे कानात येणारा गोंगाट कमी करणारी सोय, लिहिलेलं असलं तरी त्याचा प्रभाव अर्धवटच राहतो, कारण कान बंदच होत नाही.

सैल टिपचा आणखी एक तोटा आहे आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. बाहेरचा गोंगाट आत येतो म्हणून माणूस आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. आवाज वाढला की सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होते. नीट बसलेल्या टिपमुळे कमी आवाजात भागतं. कानाला त्याहून मोठा फायदा दुसऱ्या कुठल्याच फीचरने होत नाही.

ईएनसीला एएनसी समजणं

दोन्हींत 'नॉइज कॅन्सलेशन' हे शब्द असतात, म्हणून घोळ होतो. ईएनसी (एन्व्हायर्नमेंटल नॉइज कॅन्सलेशन) माइकसाठी असतं. तुम्ही द्वारका सर्कलला उभे राहून बोलत असाल तर पलीकडच्याला हॉर्न कमी ऐकू यावेत, एवढंच त्याचं काम. तुमच्या कानातला गोंगाट त्याने जराही कमी होत नाही. तो कमी करतं ते एएनसी (अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन). बड्समधला माइक बाहेरचा आवाज पकडतो आणि स्पीकर त्याच्या बरोब्बर उलटी लहर कानात सोडतो. स्वस्त खोक्यांवर ईएनसी मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं आणि गिऱ्हाईक एएनसी मिळालं या समजुतीत घरी जातं.

एएनसीलाही मर्यादा आहेत. एकसुरी, खालच्या पट्टीतला आवाज ते छान दाबतं. पंचवटी एक्सप्रेसच्या डब्यातला गडगडाट, सिटीलिंकच्या बसची घरघर, एसीची गुणगुण यांवर ते चालतं. अचानक येणारा आणि तीव्र आवाज, म्हणजे हॉर्न, शेजारच्या सीटवरच्या गप्पा किंवा मिरवणुकीतला नाशिक ढोल, यांच्यापुढे ते फारसं टिकत नाही. तिथे टिपने कान किती बंद केला आहे तेवढाच आधार.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठासून सांगतो. एएनसी बड्स म्हणजे कानाचं संरक्षण नव्हे. प्रेस शॉपमध्ये किंवा कॉम्प्रेसरजवळ कंपनीने दिलेले इअरप्लग किंवा इअरमफच घाला. आणि दुचाकीवर दोन्ही कानांत बड्स घालून मुंबई नाक्याच्या गर्दीत शिरू नका. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू येणं ही चैन नाही.

माझं स्पष्ट मत असं की दोन हजारांच्या आतलं बजेट असेल तर एएनसीच्या मागे लागू नये. त्या किमतीत एएनसी असतं, पण ते देताना माइकमध्ये किंवा आवाजात काटकसर झालेली असण्याची शक्यता जास्त. तेवढ्याच पैशात चांगला माइक आणि नीट बसणारे बड्स मिळाले तर रोज उपयोगी पडतील. माइक दुकानाच्या आत तपासू नका. दुकानाबाहेर फुटपाथवर येऊन घरी फोन लावा आणि विचारा, 'माझा आवाज कसा येतोय?'

पन्नास तासांचा आकडा

हे ५० तास बड्स आणि त्यांची चार्जिंगची डबी मिळून असतात. बड्स एका चार्जवर पाच-सात तास चालतात, मग डबीत ठेवून पुन्हा भरावे लागतात. हा आकडाही बहुधा मध्यम आवाजावर आणि एएनसी बंद ठेवून मोजलेला असतो. म्हणून खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर 'एका चार्जवर, एएनसी चालू असताना' किती तास, ते शोधा. नाशिकरोडहून सकाळी पंचवटीने मुंबईला जाणाऱ्याला साडेतीन-चार तास काढायचे असतात. त्याला नवीन असताना पाच-साडेपाच तास चालणारे बड्स घ्यावेच लागतील. बडमधला सेल जेमतेम ३० ते ६० एमएएचचा असतो आणि वापराने तो उतरत जातो. दोन वर्षांनी तेच बड्स मुंबई यायच्या आधीच बीप देऊ लागले तर नवल नाही. हा सेल बदलण्याची सोयही सहसा नसते.

एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत डबी विसरू नका. उष्णतेने लिथियमचे सेल लवकर म्हातारे होतात.

फोन विसरून बड्स निवडणं

आयफोनवाल्याने एलडॅक या कोडेकसाठी (कोडेक म्हणजे ब्लूटूथवरून गाणं पाठवण्याची पद्धत) जास्त पैसे मोजले तर ते वाया गेले, कारण आयफोन एलडॅक चालवत नाही. तिथे एसबीसी आणि एएसी एवढेच चालतात. अँड्रॉइडवर २०१७च्या ८.० आवृत्तीपासून एलडॅकची सोय आली, तरी तुमच्या मॉडेलच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये ते दिसतं का हे पाहून घ्या. ब्लूटूथ ५.३ की ५.४ यावर गाणं चांगलं-वाईट ठरत नाही. ड्रायव्हर, म्हणजे बडमधला छोटा स्पीकर, १३ एमएमचा आहे म्हणून तो १० एमएमच्या ड्रायव्हरपेक्षा सरस, असंही नाही. हे दोन आकडे पाहून निर्णय बदलू नका.

फोन आणि लॅपटॉप दोन्हींना एकाच वेळी जोडायचे असतील तर 'मल्टिपॉइंट' किंवा 'ड्युअल कनेक्शन' आहे का ते विचारा. घरून काम करणाऱ्यांना हे फीचर एएनसीपेक्षा जास्त लागतं.

पाऊस, घाम आणि आयपीएक्स

आयपीएक्स हे बड्स किती पाणी सोसतील याचं मानांकन. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे आणि घाम चालेल. आयपीएक्स ५ म्हणजे पाण्याची हलकी धार सोसेल. आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर खोल गोड्या पाण्यात ३० मिनिटं. एक्सच्या जागी धुळीचा आकडा असतो. तिथे एक्सच असेल तर धुळीची परीक्षा झालेली नाही एवढाच अर्थ. व्यायामासाठी आणि चालण्यासाठी ४ पुरतो. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला भटकणाऱ्यांनी ५ किंवा त्यावरचं पाहावं.

यातली खरी चूक खरेदीनंतर होते. हे मानांकन बहुतेक कंपन्या बड्सनाच देतात, डबीला नाही. घामाने भिजलेले बड्स तसेच डबीत टाकले की चार्जिंगच्या पिना खराब होतात, कारण घामात मीठ असतं. आधी कोरड्या फडक्याने पुसा, थोडा वेळ उघड्यावर ठेवा, मगच डबी बंद करा. पाण्याने झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही, असं वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेलंच असतं.

'फर्स्ट कॉपी' आणि बिलाशिवायचा माल

महागड्या बड्सची हुबेहूब नक्कल 'फर्स्ट कॉपी' म्हणून पंधराशेला मिळते. डबी उघडली की फोनवर चित्र येतं, नावसुद्धा येतं, म्हणून माल खरा वाटतो. ते चित्र नक्कलेतही येतं. खात्री करायची तर खोक्यावरचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. नंबरही नक्कल केलेला असू शकतो, तेव्हा किंमत अविश्वसनीय वाटली की तिथेच थांबलेलं बरं. खोक्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला की कोणत्या उत्पादकाचा आहे ते कळतं. कानाला लावायच्या वस्तूत लिथियमचा सेल असतो, म्हणून हे दोन मिनिटांचं काम टाळू नका.

बिल जीएसटीचं आणि त्यावर मॉडेलचं नाव लिहिलेलं घ्या. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात. सर्व्हिस सेंटर नाशिकमध्येच आहे की कुरिअरने पाठवावं लागतं, हे खरेदीच्या वेळीच विचारा. बिल असूनही दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

बिघडले म्हणून परत करण्याआधी

नव्या बड्सची एकच बाजू चार्ज होत नसेल तर पिनांवरची पारदर्शक पट्टी बघा. कारखान्यातून ती चिकटवूनच येते आणि खोका उघडण्याच्या घाईत एका बाजूची राहून जाते.

एका बाजूचा आवाज हळूहळू कमी होत गेला असेल तर कारण बहुतेक वेळा कानातला मळ असतो. टिप काढा, जाळी जमिनीकडे करून धरा आणि कोरड्या, मऊ टूथब्रशने हलकेच झाडा. सुई किंवा टाचणी घालू नका, जाळी फाटते. पाणी आणि स्पिरिटही नको. तरीही फरक पडला नाही तर फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डावी-उजवी बॅलन्सची पट्टी मध्यावर आहे का बघा. मुलांच्या हातात फोन गेला की ती सरकते.

एक बड जोडलाच जात नसेल तर फोनमधून नाव 'फरगेट' करा, दोन्ही बड्स डबीत ठेवा आणि माहितीपत्रकात सांगितलेल्या पद्धतीने रीसेट करा. अनेक मॉडेलमध्ये डबीवरचं बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. मग नव्याने पेअर करा.

डबी चार्जच होत नाही, अशी तक्रारही नेहमीची. फोनच्या नव्या चार्जरची केबल दोन्ही टोकांना टाइप-सी असते. काही स्वस्त डब्यांच्या सॉकेटमध्ये या केबलला ओळख पटवणारे रेझिस्टर बसवलेले नसतात, त्यामुळे चार्जर वीज सोडतच नाही. खोक्यात आलेली, एका टोकाला जुना चपटा यूएसबी असलेली केबल लावा. डबी चार्ज व्हायला लागली तर बिघाड नाही.

लॅपटॉपवर गाणं छान वाजतं आणि मीटिंग सुरू झाली की आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो, यालाही बड्स जबाबदार नाहीत. माइक चालू झाला की ब्लूटूथ बोलण्याच्या मोडवर जातं आणि त्या मोडमध्ये आवाजाचा दर्जा उतरतो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून बड्स ठेवा आणि माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडा. खोली शांत असेल तर पलीकडच्यांनाही तुमचा आवाज जास्त स्पष्ट जाईल.

गेममध्ये गोळी सुटल्यावर आवाज उशिरा येत असेल तर अ‍ॅपमधला गेम मोड चालू करा. व्हिडिओ दाखवणारी अ‍ॅप्स हा उशीर बऱ्याच अंशी स्वतःच जुळवून घेतात, गेमला ते जमत नाही.

आणि एक बड हरवला तर लगेच नवी जोडी घेऊ नका. काही कंपन्या सुटा बड विकतात. सर्व्हिस सेंटरला मॉडेल आणि सीरियल नंबर सांगून विचारा. नवा बड आला की दोन्ही डबीत ठेवून रीसेट करावे लागतात, नाहीतर ते एकमेकांना ओळखत नाहीत. सीरियल नंबर डबीच्या झाकणात किंवा खोक्यावर असतो, म्हणून खोका फेकण्याआधी त्याचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा.