कॉलेजची फी दहा वर्षांनी किती असेल, याचा हिशेब

मुलांच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला टाकताना कुणी फीवाढ ६ टक्के धरतं, कुणी १२. दोन्ही आकडे बहुधा ऐकीव. आपल्या मनातल्या कॉलेजचा फीवाढीचा दर घरी बसून काढता येतो.

उदाहरणाला आयआयटीची बीटेकची ट्यूशन फी घेऊ. २००८ मध्ये ती वर्षाला २५ हजारांवरून ५० हजार झाली, २०१३ मध्ये ९० हजार, २०१६ मध्ये २ लाख. नव्या फीला जुन्या फीने भागा, आलेल्या आकड्याचा ‘१ भागिले वर्षे’ इतका घात करा, १ वजा करा. २००८ ते २०१६ मध्ये ८ वर्षांत चौपट, म्हणजे वर्षाला साधारण १९ टक्के. पण २०१६ नंतर २०२४ पर्यंत फी २ लाखांवरच होती. तेच चौपट १६ वर्षांवर पसरलं की ९ टक्के! फी जिन्यासारखी चढते: बरीच वर्षं सपाट, मग एकदम उंच पायरी. म्हणून किमान १५ वर्षांचा काळ घ्या, आणि शेवटी लांब सपाटी दिसली तर पुढची पायरी जवळ आहे असं समजा. इथे ९ हा तळ. हिशेबात १० धरा.

तुलना करताना जुनी आणि नवी पावती शेजारी ठेवून फक्त ट्यूशन फीची ओळ ट्यूशन फीशी ताडा. एकूण रकमेची तुलना हमखास फसवते, कारण पहिल्या वर्षाच्या पावतीत अनामत असते आणि ती परत मिळते. हॉस्टेल आणि मेस वेगळी काढा. त्यांना घरखर्चाच्या महागाईचा, म्हणजे ६ टक्क्यांचा दर पुरतो. महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी ‘शुल्क नियामक प्राधिकरण’ ही सरकारी यंत्रणा ठरवते. त्यात ट्यूशन फी आणि विकास शुल्क येतं. हॉस्टेल, मेस, बस येत नाही.

आता मूल ८ वर्षांचं आहे असं धरू. आजची ट्यूशन फी २ लाख, राहणं-जेवण १ लाख. दहा वर्षांनी ट्यूशन फी ५.१९ लाख होईल. (१० टक्के गुणिले १० वर्षे म्हणून दुप्पट धरणं ही नेहमीची चूक, चक्रवाढीने ती २.५९ पट होते.) आयआयटीत २०१६ ची वाढ फक्त नव्या बॅचला लागली, म्हणून चारही वर्षं तीच धरली तर पावणेएकवीस लाख. राहण्या-जेवणाचे दरवर्षी वाढत जाऊन ७.८ लाख. एकूण साडेअठ्ठावीस लाख. महिन्याला १,००० रुपये वर्षाला ८ टक्के परताव्याने गुंतवले तर दहा वर्षांत सुमारे १.८३ लाख होतात, म्हणजे महिन्याला १५,६०० रुपये लागतील.

यातून सवलत आत्ताच वजा करू नका. आयआयटीत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर ट्यूशन फी पूर्ण माफ, १ ते ५ लाख असेल तर दोन तृतीयांश. ही मर्यादा वर्षानुवर्षं हलत नाही, पगार मात्र वाढतो, आणि दहा वर्षांत तुम्ही तिच्याबाहेर गेलेले असता. प्रवेश वर्ष-दोन वर्षांवर असेल तरच सवलत धरा. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा ८ लाख आहे आणि मुलांना ट्यूशन फी निम्मी मिळते, मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण. त्यासाठी प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ती मिळत नाही.