अभ्यासिकेतून पर्वतीवर

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत मी सकाळी ७ ला बसायचो, रात्री ११ ला उठायचो. एमपीएससीचा दुसरा प्रयत्न. फेब्रुवारीत एकच पान चारदा वाचूनही डोक्यात काही शिरेना, मेसचा डबा तसाच परत जायला लागला. आईचा फोन आला की चिडचिड व्हायची; त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

शेवटी १४४१६ वर फोन केला. ही सरकारची टेली मानस हेल्पलाइन, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी आधी झोपेचंच विचारलं. मग रात्री १० ला पुस्तक बंद, पहाटे पर्वतीच्या पायऱ्या, रविवारी अभ्यासिकेला सुट्टी. पहिल्या रविवारी फार अपराधी वाटलं. तिसऱ्या आठवड्यात भूक परतली. आता आईला मीच फोन करतो.