हेडफोन अपग्रेड करायचाय? आधी जुन्याची परीक्षा घ्या

नवीन हेडफोन घ्यावासा वाटायला काही मोठं कारण लागत नाही. रात्री झोप येत नसली की एक रिव्ह्यू बघायचा, मग त्याच्या खालचा दुसरा, मग कुणीतरी म्हणतं "काय साउंडस्टेज आहे राव" (म्हणजे आवाज डोक्याभोवती किती मोकळा पसरतो ते) आणि आपल्या टेबलावर चार वर्षं इमानेइतबारे वाजणारा हेडफोन अचानक पत्र्याचा डबा वाटायला लागतो. मी यातून दोनतीनदा गेलोय, एकदा पैसे घालवलेत आणि एकदा वाचवलेत, त्यामुळे काय क्रमाने करायचं ते सांगतो. उदाहरण माझंच घेऊ: घरात ऑडिओ टेक्निकाचा एम५०एक्स होता, डोळा होता सेन्हायझरच्या एचडी ६०० वर. दोन्ही जुनी, जगभर मोजून झालेली मॉडेलं, एचडी ६०० तर १९९७ पासून विकतायत, त्यामुळे तुलना शिकायला बरी जोडी आहे.

सगळ्यात आधी फोन बाजूला ठेवा आणि आत्ताच्या हेडफोनबद्दलची तक्रार एका वाक्यात कागदावर लिहा. "आवाज अजून चांगला हवा" ही तक्रार नाही. "टाळ वाजले की कानात टोचतात", "तासाभराने कान घामेजतात", "लोकलमध्ये काही ऐकू येत नाही म्हणून व्हॉल्यूम फुल करावा लागतो", "मीटिंगमध्ये समोरच्याला माझा आवाज विहिरीतून येतो", ह्या तक्रारी. वाक्य लिहिताच येत नसेल तर तुम्हाला हेडफोन नकोय, तुम्हाला खरेदी करायचीय, आणि त्याला माझी काही हरकत नाही पण मग पुढचं वाचायची गरज नाही. माझं वाक्य होतं, "गाणं डोक्याच्या आत अडकल्यासारखं वाटतं आणि खालचा आवाज गायकावर चढतो."

आता दुसरं काम, जे कुणीच करत नाही. जुन्याची डागडुजी. कानावरच्या पॅडचं नकली लेदर दोनतीन वर्षांत सोलायला लागतं, काळे कण गालाला चिकटतात, ते सगळ्यांना दिसतं, पण आतला फोम बसलाय हे कुणाला दिसत नाही. फोम बसला की ड्रायव्हर (आवाज काढणारी आतली चकती) कानाच्या जवळ येतो, कडेने हवा निसटते आणि खालचा बास गळतो, म्हणजे जो आवाज तुम्ही विकत घेतला होता तो आता तुम्ही ऐकतच नाही आहात आणि तुलना नव्या कोऱ्या हेडफोनशी करताय. चष्म्याच्या काड्यांनी पण हेच होतं, चष्मा काढून एकदा तेच गाणं ऐकून बघा, फरक पडला तर दोष कुठे आहे ते कळलं. पॅड ऑनलाइन मिळतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करायलाही हरकत नाही, फक्त मूळ पॅडइतकेच जाड आणि त्याच मटेरियलचे घ्या, कारण मखमली पॅड लावला की बऱ्याचदा बास कमी होतो आणि मग माणूस म्हणतो हेडफोन बिघडला. इअरफोनवाल्यांनी जाळीतला मळ साफ करावा आणि रबरी टिपचे तिन्ही साइज लावून बघावेत, बहुतेक लोक डब्यातून निघालेला मधला साइजच जन्मभर वापरतात.

मग इक्वलायझर, म्हणजे खालचे-वरचे आवाज वेगवेगळे कमीजास्त करायच्या पट्ट्या. याला नाकं मुरडणारे लोक आहेत, त्यांना मुरडू द्या. अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं ॲप आहे, विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट आहे, आणि ऑटोईक्यू नावाच्या खुल्या प्रकल्पात हजारो मॉडेलांच्या तयार सेटिंग पडल्यात, आपलं मॉडेल शोधायचं आणि टाकायचं. एक लक्षात ठेवा, एखादी पट्टी वर चढवली की एकूण आवाज (प्रीअँप लिहिलेलं असतं) तितकाच खाली आणायचा नाहीतर मोठ्या आवाजात फाटतं. मी एम५०एक्सला नवे पॅड लावले, बास तीनचार डेसिबल उतरवला आणि माझ्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग तिथेच मिटला. पहिला अर्धा राहिला.

तो राहिला कारण तो जातीचा प्रश्न आहे, म्हणजे हेडफोनच्या जातीचा. एम५०एक्स बंद कपाचा, एचडी ६०० उघड्या जाळीचा. उघड्या कपात आवाज मोकळा वाटतो, डोक्याबाहेर पसरतो, पण घरातला पंखा, कुकरची शिट्टी आणि शेजारच्यांचं भांडण सगळं आत येतं आणि तुमचं गाणं बाजूला बसलेल्याला फुकट ऐकू जातं. शिवाय एचडी ६०० चा अगदी तळातला बास उतरता आहे, ही त्याची सगळ्यांना माहीत असलेली खोड. म्हणजे यातलं काहीही "वर" नाही, बाजूला आहे, एक मिळतं आणि एक सुटतं. अपग्रेड या शब्दाने माणूस फसतो. प्रवासात वापरायचा असेल तर उघड्या कपाचे सगळे हेडफोन इथेच बाद करा, किती का स्टार असेनात. नॉइज कॅन्सलिंगचंही तसंच. ते पंख्याची घरघर, एसी, विमान, गाडीचा खालचा गडगडाट हे एकसारखे आवाज छान खातं, पण फलाटावरच्या अनाउन्समेंट आणि डब्यातल्या गप्पा त्यातून बऱ्यापैकी येतात. रोज लोकल किंवा बसने तासभर जाणाऱ्याला मात्र हे खरं अपग्रेड आहे, कारण बाहेरचा आवाज दाबायला आपण व्हॉल्यूम वाढवतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास एवढीच आहे.

आता आकडे. डब्यामागच्या आकड्यांपैकी निम्मे सरळ सोडून द्यायचे. "५ हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ" वाचून खूश होऊ नका, माणसाचा कान तरुणपणी २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, पुढे वरचं टोक कमीच होत जातं, आणि त्या पट्ट्यात आवाज किती वरखाली होतो हे लिहिलं नसेल तर तो आकडा नुसता शोभेचा. ड्रायव्हरचा मिलिमीटर पण तसाच. सोनीच्या एक्सएम४ या नॉइज कॅन्सलिंग हेडफोनमध्ये ४० मिलिमीटरचा होता आणि त्यानंतरच्या एक्सएम५ मध्ये ३० चा, मोठा म्हणजे चांगला असतं तर हे उलटं झालं असतं.

जो आकडा खरंच बघायचा तो सेन्सिटिव्हिटी (ठरावीक वीज दिली की किती मोठा वाजतो) आणि त्याच्या जोडीला ओहम (विजेला होणारा अडथळा), आणि इथेच गंमत आहे. एम५०एक्सचा आकडा ९९ डेसिबल, एचडी ६०० चा ९७. दिसायला दोनचाच फरक. पण पहिला एका मिलिवॅटला मोजलाय आणि दुसरा एका व्होल्टला, म्हणजे एकाचा भाव किलोचा आणि दुसऱ्याचा डझनाचा. एका मापात आणायला मिलिवॅटवाल्या आकड्यात थोडी भर घालायची, ३२ ओहमला साधारण १५ डेसिबल, २५० ओहमला ६, ३०० ओहमला ५. एम५०एक्स ३८ ओहमचा, त्याला १४ मिळवले की होतात ११३. आता ११३ विरुद्ध ९७, फरक १६ डेसिबलचा, म्हणजे तेवढाच आवाज काढायला एचडी ६०० ला सहापट व्होल्टेज लागतं. एका व्होल्टच्या आसपास देणाऱ्या साध्या टाइप-सी डोंगलवर (मोबाइलला वायरचा हेडफोन जोडायचा तुकडा) तो वाजतो, शांत खोलीत पुरतोही, पण जुनी, हळू आवाजात रेकॉर्ड केलेली मैफल लावली की व्हॉल्यूमची पट्टी शेवटाला टेकते. म्हणून ३०० ओहमच्या हेडफोनच्या किमतीत अँपची (हेडफोनला जादा जोर देणारा ॲम्प्लिफायर) किंमत धरूनच तुलना करायची.

मी पैसे घालवले म्हटलं ना, ते इथेच. जास्त ओहम म्हणजे जास्त क्वालिटी असं कुणाचंतरी ऐकून २५० ओहमचा घेतला आणि थेट मोबाइलला लावला, फुल व्हॉल्यूमवर सुद्धा लांबच्या लग्नातला बँड ऐकतोय असं वाटायचं. दोष हेडफोनचा नव्हता, शेवटी तोट्यात विकला.

ब्लूटूथ घेताय तर आकड्यांऐवजी आपला फोन बघा. एलडॅक या कोडेकचे (ब्लूटूथवरून गाणं दाबून पाठवायची पद्धत) ९९० केबीपीएस जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतात, अँड्रॉइडमध्ये ८.० पासून म्हणजे २०१७ पासून तो आहे, पण आयफोनमध्ये नाहीच, तिथे एएसी किंवा एसबीसी. आयफोनवाल्याने एलडॅकसाठी जादा पैसे दिले तर ते दान समजावं. आणि गर्दीच्या स्टेशनात एलडॅक स्वतःच ६६० किंवा ३३० वर उतरतो. अजून एक, लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की गाण्याचा आवाज एकदम टेलिफोनसारखा का होतो असं विचारणारे खूप आहेत, तर माइक चालू झाला की ब्लूटूथ जुन्या हँड्सफ्री पद्धतीवर जातं, म्हणून. महाग हेडफोनला पण बऱ्याचदा तेच होतं, त्यामुळे ही तक्रार असेल तर शंभर दोनशे रुपयांची वायर किंवा वेगळा माइक हा इलाज स्वस्त.

हेडफोन कोणता सूर किती मोठा वाजवतो याचे, म्हणजे फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सचे, ग्राफ बघायचे का? बघा, पण एकाच माणसाने एकाच यंत्रावर मोजलेले दोन ग्राफ शेजारी ठेवून. एकाकडून हा आणि दुसऱ्याकडून तो असं केलंत तर हेडफोनची नाही, यंत्रांची तुलना होते. ग्राफवर एक ठिपक्यांची रेघ असते, बहुतेक वेळा हरमन या ऑडिओ कंपनीची, ऐकणाऱ्या बऱ्याच लोकांना काय आवडतं याच्या चाचण्यांवरून काढलेली, तिच्यापासून कोणता भाग किती लांब जातोय आणि तुमच्या वाक्यातली तक्रार त्याच भागात आहे का एवढंच बघायचं. टाळ टोचत असतील तर ६ ते १० किलोहर्ट्झमधला सुळका शोधा. किमतीवरून मात्र काही ठरवू नका, २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांचे फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स किमतीशी ताडून पाहिले होते, त्यात संबंध असा काही सापडला नाही. बांधणी, आराम, सुटे भाग मिळणं याचे पैसे असतात, ते वेगळं.

आता ऐकायचं, आणि ह्या कामाला घाई करायची नाही. पहिला नियम, दोन्हींचा आवाज समान करा. जो एखाददुसरा डेसिबल मोठा वाजतो तोच आपल्याला जास्त स्पष्ट, जास्त भरीव वाटतो, दुकानदाराला हे पक्कं माहीत असतं. घरी करायचं तर पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात मोबाइलचा माइक धरा, पॅड पुठ्ठ्यावर दाबून बसवा, पिंक नॉइज (धबधब्यासारखा एकसारखा आवाज) लावा आणि साउंड मीटरच्या ॲपवर दोन्हींचा आकडा जुळवा. ॲपचा आकडा खरा असायची गरज नाही, दोघांना सारखा आला की झालं. दुकानात एवढं जमणार नाही, तिथे बातम्या लावा आणि निवेदकाचा आवाज दोन्हीत सारखा मोठा वाटेपर्यंत व्हॉल्यूम हलवा.

गाणी आपली घ्या, डेमोची नाही. डेमोचं गाणं हेडफोनला शोभेल असंच निवडलेलं असतं. मी तीन चिजा ठेवतो. तबल्याचा डग्गा, त्याचा घुमारा घसरत जातो तो सलग ऐकू येतो की मध्ये नुसता "धब्ब" होतो. तानपुरा, चांगल्या हेडफोनमध्ये जवारी वेगळी दिसते, वाईटात नुसता गुंजारव. आणि टाळ-पखवाजावरचं भजन, कारण टाळ आणि माणसाचा "स" हे दोघे मिळून वरच्या पट्टीतली सगळी लबाडी बाहेर काढतात. प्रत्येकाचा तीस सेकंदांचा तुकडा, आलटून पालटून, आणि ऐकताना मॉडेलचं नाव मनात आणायचं नाही, जमलं तर आपण डोळे मिटून घ्यायचे आणि घरच्या कुणालातरी आपल्या कानावर चढवायला सांगायचं (वजनावरून ओळखू येतं, पण तरी).

मात्र अर्ध्या तासावर निर्णय नको. मित्राचा एचडी ६०० मी आठवडाभर मागून आणला. पहिल्या दिवशी वाटलं बास कुठे गेला, तिसऱ्या दिवशी तो विचारच आला नाही, कारण मेंदू सरावतो. खरी परीक्षा आठव्या दिवशी, जुना परत कानावर चढवायचा. तो असह्य वाटला तर अपग्रेड खरं, आणि पाच मिनिटांत विसरायला झालं तर पैसे खिशात ठेवा. मागून आणायला कुणी नसेल तर ऑनलाइन घेताना रिटर्न आहे की फक्त रिप्लेसमेंट आहे हे बारीक अक्षर वाचा, हेडफोनला बऱ्याचदा फक्त रिप्लेसमेंट असते, म्हणजे आवडला नाही हे कारण चालत नाही. आणि भारतातली वॉरंटी, बिलासकट.

एकाच मॉडेलची पुढची पिढी घेणाऱ्यांसाठी दोन ओळी. सोनीचंच घ्या, एक्सएम४ २०२० चा, एक्सएम५ २०२२ चा, एक्सएम६ २०२५ चा. तिघांनाही कंपनी नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवून ३० तासांची बॅटरी सांगते. चौथा घडी होतो, पाचवा होत नव्हता, सहावा परत होतो. चौथा नीट चालत असेल, बॅटरी टिकत असेल तर मी थांबेन, आणि नव्याने घेणाऱ्याला सहावा आला म्हणून पाचवा स्वस्त मिळतोय का ते आधी बघ म्हणेन.

शेवटी हिशेब कागदावर, त्याच पहिल्या वाक्याच्या खाली: नवा हेडफोन, अधिक अँप, अधिक पुढचे पॅड, वजा जुना विकून येतील ते, आणि भागिले तुम्ही खरंच रोज किती तास शांत बसून ऐकता. मी माझा शेवटचा आकडा प्रामाणिकपणे लिहिला तेव्हा तो रोजचा पाऊण तास निघाला, तो पण रात्री, बाकी सगळा वेळ हेडफोन मीटिंगला आणि प्रवासात. एम५०एक्सचे नवे पॅड राहिले, इक्वलायझर राहिला, एचडी ६०० मित्राला परत केला. त्याला सांगून ठेवलंय, विकायचा झाला तर आधी मला विचार.