एकाच खोलीतले वेगवेगळे दिवे जुळवायचे कसे

म्हापशाच्या किंवा मडगावच्या दुकानात जाऊन "झुंबर, दोन वॉललाइट आणि एक टेबल लॅम्प, सगळं एकाच डिझाइनचं द्या" असं सांगणं सोपं असतं. दुकानदारही खूश होतो. पण असा सेट लावला की खोली हॉटेलच्या लॉबीसारखी दिसायला लागते. शिवाय गोव्यातल्या बऱ्याच घरांत हा पर्यायच नसतो. पितळेचा टांगता दिवा आजोबांच्या काळापासूनचा, ट्यूबलाइट काढायला आई तयार नाही, पंखा काळा, आणि मुलीने ऑनलाइन मागवलेली वेताची शेड परत करायची मुदत टळून गेलेली. ही सगळी मंडळी एका खोलीत नांदू शकतात, फक्त क्रम नीट धरावा लागतो. आधी उजेड, मग फिटिंग.

बल्बपासून सुरुवात करा

रात्री खोलीतले सगळे दिवे एकदम लावा आणि दिव्यांकडे न बघता भिंतींकडे बघा. एक भिंत पिवळसर आणि दुसरी निळसर दिसत असेल, तर खोली विस्कळीत वाटण्याचं कारण तिथेच सापडलं. फिटिंगला उगाच दोष दिला जातो.

बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. २७०० म्हणजे जुन्या तारेच्या बल्बसारखा पिवळा उजेड, ३००० त्याहून जरा उजळ, ४००० पांढरा आणि ६५०० निळसर पांढरा. आपल्या घरांत ट्यूबलाइटमुळे ६५००ची सवय झालेली आहे, म्हणून पिवळा उजेड म्हणजे कमी उजेड असा समज घट्ट बसला आहे. तो चुकीचा आहे. किती उजेड पडणार हे ल्युमेनवर ठरतं, केल्विनवर नाही. साधारण ९०० ल्युमेनचा ९ वॅटचा एलईडी पिवळ्यातही मिळतो आणि पांढऱ्यातही.

बसायच्या खोलीसाठी २७०० किंवा ३००० यांतला एक आकडा ठरवा आणि तिथल्या प्रत्येक होल्डरमध्ये तोच घाला. ट्यूबलाइट ठेवायचीच असेल तर तीही ३०००ची घ्या, एलईडी बॅटनमध्ये मिळते. शक्यतो सगळे बल्ब एकाच कंपनीचे आणि एकाच वेळी घ्या, कारण 'वॉर्म व्हाइट' लिहिलेले दोन कंपन्यांचे बल्ब शेजारी लावले की फरक डोळ्यांत भरतो. दोन बल्ब जास्तीचे आणून ठेवा. जुन्या फिटिंगला पिनचा होल्डर असतो आणि नव्याला बहुधा आट्यांचा, तेव्हा दोन्ही मोजूनच दुकानात जा. खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) लिहिलेला असेल तर ९०च्या पुढचा निवडा. लाल कोब्याची जमीन, शिसवी खुर्च्या, समईचं पितळ यांचे रंग त्या उजेडात खरे दिसतात.

पिवळ्या उजेडाचा आणखी एक फायदा आहे. पहिला पाऊस पडला की दिव्याभोवती जमणारी पाखरं निळसर दिव्याकडे जास्त ओढली जातात. वसरीवर, म्हणजे ओसरीवर, पिवळाच लावा.

छप्पर कसलं आहे?

स्लॅबच्या फ्लॅटमध्ये छत पांढरं असतं, त्यामुळे वर फेकलेला उजेड परत खाली येतो. कौलारू घरात वासे, रिपा आणि कौलं तो गिळून टाकतात. अशा खोलीत वर तोंड असलेले वॉललाइट शोभेपुरतेच उरतात. तिथे खाली तोंडाची शेड हवी. १२ बाय १४ फुटांच्या साध्या खोलीला एकूण अडीच-तीन हजार ल्युमेन पुरतात. उंच कौलारू खोलीला जास्त लागतात, पण ते सगळे एकाच दिव्यातून काढू नका.

एक दिवा म्होरक्या

सगळ्या दिव्यांनी लक्ष वेधून घेतलं तर नजर कुठेच ठरत नाही. एकाला पुढे करा, बाकीच्यांनी साधं राहावं. म्होरक्या कोण, हे बहुतेक घरांत आधीच ठरलेलं असतं: तो पितळेचा जुना दिवा. नवा घ्यायचा असेल तर एक जुना हिशोब अजून चालतो. खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत मोजून बेरीज करा. जो आकडा येईल, साधारण तेवढे इंच दिव्याचा व्यास. १२ आणि १४ची खोली असेल तर २६ इंच. जेवणाच्या टेबलावर दिव्याचं तळ टेबलापासून ३० ते ३६ इंच वर ठेवा. माणसं चालतात तिथे जमिनीपासून किमान ७ फूट मोकळे हवेत. कवळ्याला शांतादुर्गेच्या सभामंडपातलं झुंबर शोभतं ते त्या उंचीमुळे. पर्वरीच्या फ्लॅटमध्ये तसलं झुंबर पाहुण्यांच्या डोक्याला लागेल.

पंख्याची जागाही आत्ताच बघून घ्या. पात्यांच्या वर दिवा आला की पंखा फिरताना सगळ्या खोलीभर सावल्या लपलपतात. तो दिवा पात्यांच्या खाली आणा, नाहीतर लांब न्या.

नातं एकाच गोष्टीचं

आता बाकीचे दिवे. प्रत्येकाचं म्होरक्याशी एका बाबतीत जुळलं म्हणजे झालं: धातू, काच, आकार किंवा शेडचं कापड. सगळ्याच बाबतीत जुळवायला गेलात तर परत सेट झाला. सुरुवातीच्या खोलीचंच घ्या. पितळेचा गोल दिवा म्होरक्या. वॉललाइट काळ्या धातूचे, पण दुधी काचेच्या गोल गोळ्यांचे, म्हणजे आकार दिव्याशी जुळला आणि रंग पंख्याशी. वेताच्या शेडच्या टेबल लॅम्पला पितळेची बैठक. ट्यूबलाइट कपाटाच्या वरच्या कडेमागे लपवली की तिचा फक्त उजेड दिसतो. आईचीही हरकत राहत नाही.

धातू दोनच ठेवा, त्यातही एक जास्त आणि एक कमी. इथल्या घरांत कड्या, समई, देवघर यांमुळे पितळ आधीच असतं, त्यामुळे जोडीला काळा सोपा पडतो. चकचकीत क्रोम मी टाळेन. समुद्राजवळ खाऱ्या हवेने मुलामा फुगतो आणि सोलतो. किनाऱ्याजवळ खरं पितळ, पावडर कोटिंगचं अ‍ॅल्युमिनियम किंवा लाकूड टिकतं. पितळ काळवंडलं तर आमसुलाने घासा. मात्र नव्या पितळी दिव्यावर लॅकरचा थर असेल तर आमसुलाने डाग पडतात, तो नुसता कोरड्या कापडाने पुसा. वसरीत पावसाची झड येत असेल तर फिटिंगवर आयपी ६५ (धूळ आणि पाणी आत न जाण्याची खूण) लिहिलेलं बघून घ्या.

बटणं वेगळी

मुख्य दिवा, भिंतीवरचे दिवे आणि कोपऱ्यातला लॅम्प यांना वेगळी बटणं द्या. डिमर बसवणार असाल तर बल्बवर 'डिमेबल' लिहिलेलं हवं, नाहीतर तो लुकलुकतो, कधी गुणगुणतो.

चवथीची जागा

गणपती जिथे बसतो ती जागा बहुतेक घरांत ठरलेली असते, आणि तिच्यावर माटोळी, म्हणजे फळं-पानं टांगलेली लाकडी चौकट, बांधायची असते. तिथे कायमचं झुंबर लावू नका. लावायचंच असेल तर हुकावर, प्लगने सुटेल असं लावा. माटोळीच्या वर दिवा राहिला तर नारळ-सुपाऱ्यांच्या सावल्या थेट मूर्तीच्या तोंडावर पडतात. उजेड समोरून, बाजूच्या भिंतीवरून द्या. वॉललाइट ५ ते ६ फुटांवर असेल तर तोच कामी येतो.

हूक वाशात नको, तुळईत ठोका, आणि दिव्याचा भार साखळीवर असू द्या, वायरवर नाही. जुन्या घरांत बरेचदा दोनच तारांचं वायरिंग असतं, अर्थिंग नसतं. धातूचा दिवा टांगण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तिसरी तार ओढून घ्या.