आधी ओढा चालून या

ओढ्या-नाल्यांच्या कामात यायचंय, त्यासाठी काय शिकू, कुठे जाऊ, असं विचारणारी मुलंमुली हल्ली बरीच भेटतात. मी शिक्षणाने स्थापत्य अभियंता. गेली बारा वर्षं पुरंदरच्या पट्ट्यात ओढे आणि त्यांचे काठ सुधारायचं काम करते. मला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं जे काही आहे ते इथे लिहितेय.

माझं पहिलं काम आठवलं की आजही पोटात कालवतं. एका गावचा ओढा खोल आणि रुंद करायचा होता. माझ्याकडे मोजमाप होतं: लांबी, रुंदी, खोली, निघालेला मुरूम किती घनमीटर. पोकलेनला वळायला जागा हवी म्हणून काठची करंजं आणि निरगुडीची बेटं उपटली. दोन वळणं होती, ती सरळ केली. निघालेला मुरूम दोन्ही काठांवर रचला. फोटो छान आले. पहिला मोठा पाऊस झाला आणि रचलेल्या मुरमातला निम्मा परत ओढ्यात आला. काठ उभे कापलेले होते, ते ढासळू लागले. खरा घाव मात्र पुढच्या वर्षी दिसला. आम्ही खणलं होतं त्याच्या वरच्या बाजूला तळाला एक पायरी पडली आणि दर पुराला ती वर वर सरकत गेली. तिथल्या एका शेतकऱ्याचा बांध गेला, मग बांधाआतली दीड-दोन गुंठे माती गेली. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. ते एवढंच म्हणाले, “ताई, बांधावरचा आंबा आमच्या आज्यानं लावला होता.”

असं का झालं, ते नीट समजून घ्या. वळण काढलं की ओढ्याची लांबी कमी होते, दोन टोकांच्या उंचीतला फरक मात्र तेवढाच राहतो. म्हणजे उतार वाढतो, पाण्याचा वेग वाढतो आणि ते तळ खरवडत जातं. काठाला मुळं नसली की मातीला धरून ठेवणारं काही उरत नाही. त्यात आपला खडक. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग बेसॉल्टचा आहे आणि तो थरांनी बनलाय. मांजऱ्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या खडकात आणि भेगाळलेल्या थरात पाणी मुरतं, अखंड काळ्या कातळात जवळजवळ मुरतच नाही. कुठला थर कुठे उघडा पडलाय हे न बघता सरसकट खणलं, तर चांगल्या कामाच्या नावाखाली नुसता चर हाती येतो. कधी तर शेजारच्या विहिरीचं पाणीच त्या खड्ड्यात उतरतं.

म्हणून नव्याने येणाऱ्याला माझं पहिलं सांगणं: पहिलं वर्ष ओढा चाला. माथ्यापासून संगमापर्यंत, वर्षातून तीनदा. मे महिन्यात चाललात की तळ, खडक आणि कोरड्यातही ओल धरणारे डोह दिसतात. ऑगस्टमध्ये पाणी कुठे धडकतं, कुठे पसरतं ते कळतं. डिसेंबरात कुठपर्यंत वाहतंय त्यावरून खालून झरे किती येतात याचा अंदाज येतो. बरोबर गावनकाशा ठेवा. सातबाऱ्यावर ओढ्याखालची जमीन पोटखराब ‘ब’, म्हणजे लागवडीखाली न धरलेली, म्हणून लागलेली असते. तिची नकाशावरची रुंदी आणि प्रत्यक्षातली रुंदी ताडून बघा, निम्मी गोष्ट तिथेच कळते. आणि एकटे जाऊ नका. एका ओढ्यावर मेंढरं घेऊन बसलेले एक बाबा मला म्हणाले होते, “वढा हितनं जात नव्हता, त्या बाभळीपलीकडनं जायचा. हिकडं लोटलाय त्याला.” आम्ही नकाशा उघडला. बाबांचं बरोबर होतं.

काम नेहमी माथ्याकडून पायथ्याकडे. वर डोंगरउतारावर चर, त्याखाली ओघळींमध्ये अनघड दगडी बांध, आणि मग ओढा. अनघड दगडी बांध दिसायला अगदी साधा, पण चुकतो सर्वात जास्त तोच. मला तो एका गवंडीमामांनी शिकवला. आधी तळ फूटभर खणून पहिला थर त्यात बसवायचा. दोन्ही टोकं काठात घुसवायची, नाहीतर पाणी बगलेतून वाट काढतं. मोठे दगड खालच्या अंगाला. मध्यभाग कडांपेक्षा खाली ठेवायचा, म्हणजे पूर मधूनच जातो. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याशी समपातळीत आला की अंतर बरोबर. मामा दगड ठेवून त्यावर पाय देत. डगमगला की उचलून फिरवायचा, पुन्हा ठेवायचा. एका दगडाला तीन-तीनदा. मी घड्याळ बघत होते, ते दगड बघत होते. ते बांध आजही उभे आहेत.

काठाचं काम वेगळं. उभा कापलेला काठ आधी तासून उताराचा करावा लागतो; त्यात शेतकऱ्याची थोडी जागा जाते, म्हणून ग्रामसभेत ठराव आणि त्याआधी घरोघरी बोलणं. तळाशी पाण्यालगत वाळा आणि लव्हाळा, त्यावर निरगुडी आणि वाळुंज, वरच्या अंगाला करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. निरगुडी आणि वाळुंजाच्या फांद्या खोचल्या तरी फुटतात, आणि निरगुडीला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, हे फार मोलाचं. जुलैत जमीन चांगली भिजल्यावर लावा. घाणेरी, बेशरम काढायची तर एका दमात सगळी काढू नका. काठ उघडा पडतो. पट्ट्यापट्ट्याने काढा आणि मोकळ्या जागेत लगेच लागवड करा.

मार्चअखेर आकडे मागणारे लोक भेटतील. किती घनमीटर, किती रोपं. रोपं जगली का, हे विचारणारा क्वचित. याचा मला अजून राग येतो. तुम्ही स्वतः तिसऱ्या वर्षी जाऊन मोजा आणि तो आकडा अहवालात लिहाच.

शहरातलं काम याहून अवघड, कारण काठच उरलेला नसतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला आणि माणसं गेली. पाण्याला पसरायला जागा न ठेवल्यावर काय होतं, ते त्या रात्री सगळ्या शहराने पाहिलं. शहरात काम करायचं असेल तर पूररेषा आणि विकास आराखडा वाचता आलाच पाहिजे.

शिक्षणाचं म्हणाल तर स्थापत्य, भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र, कृषी, समाजकार्य, कुठूनही येता येतं. जे शिकला नाहीत ते शेजाऱ्याकडून शिकावं लागतं, मला झाडं अशीच शिकावी लागली. पुण्यात प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेली इकॉलॉजिकल सोसायटी आहे, भूजलासाठी अ‍ॅक्वाडॅम आहे, पाणलोटासाठी वॉटर (WOTR) ही संस्था आहे. पुरंदरमधल्या नायगावची पाणी पंचायतही समजून घ्या. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे माणशी पाणीवाटप केलं आणि त्या पाण्यावर ऊस नको, असं ठरलं. साठवलेलं पाणी कुणी किती घ्यायचं हे ठरलं नाही, तर ओढा आपण कितीही नीट करू, दोन उन्हाळ्यांत बोअर तो कोरडा करतात.

पगार सुरुवातीला बेताचा असतो, फिरणं खूप. घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

त्या पहिल्या ओढ्यावर मी अजून जाते. तळाच्या पायरीखाली आम्ही दगड भरले, काठ फावड्यांनी तासला, निरगुडी लावली. पायरी सरकायची थांबलीय. गेल्या ऑगस्टमध्ये डोहावर निवळ्या पळत होत्या आणि एका दगडाखाली चतुराच्या अळ्या सापडल्या. गेलेली माती मात्र परत आलेली नाही, आंबाही नाही. त्या शेतकऱ्याने बांधावर नवं कलम लावलंय, काठापासून वीस पावलं आत.

तुम्हाला ओढा बघायला यायचं असेल तर ऑगस्टमध्येच या. गमबूट नकोत, त्यात पाणी भरलं की पाय उचलत नाही. पट्ट्याच्या सँडल घाला आणि हातात काठी असू द्या.