लॅपटॉपच्या अडॅप्टरची तुटलेली वायर घरी कशी जोडावी

अडॅप्टर बंद पडला म्हणजे तो आतून जळालाच असे नसते. बहुतेक वेळा दोष वायरीत असतो: लॅपटॉपमध्ये जाणाऱ्या पिनेजवळ किंवा अडॅप्टरच्या डब्यातून वायर बाहेर पडते त्या ठिकाणी, सतत वाकून आतील तारा तुटतात. हा दोष घरी दुरुस्त करता येतो. डबा मात्र घरी कधीही उघडू नये. भिंतीतून आलेला 230 व्होल्टचा विद्युत दाब आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे 325 व्होल्टपर्यंत साठतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ तेथे राहू शकतो. शिवाय भिंतीकडची आणि लॅपटॉपकडची बाजू वेगळी ठेवणारी आतील रचना चुकीच्या डागामुळे (सोल्डरिंगमुळे) बिघडली, तर तोच दाब थेट लॅपटॉपच्या धातूच्या भागावर येऊ शकतो.

कोल्हापुरात 2019 आणि 2021 मध्ये पंचगंगेचे पाणी घरांत शिरले, तेव्हा अशी अनेक उपकरणे भिजली असतील. पुरात भिजलेला अडॅप्टर उन्हात कितीही वाळवला, तरी तो पुन्हा वापरू नये, कारण आत राहिलेला गाळ ओलावा धरतो. डब्याला करपल्याचा वास येत असेल, तो फुगला किंवा तडकला असेल, तरीही नवाच घ्यावा. घेताना त्यावरील व्होल्ट जुन्याइतकेच आहेत, अँपिअर तेवढे किंवा अधिक आहेत आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे, हे पाहावे.

प्रथम भिंतीचा सॉकेट दुसऱ्या उपकरणाने तपासावा. भिंतीपासून डब्यापर्यंतची वायर खराब असल्यास ती जोडत बसू नये. ती सुटी आणि स्वस्त मिळते. त्यानंतर मल्टिमीटर (व्होल्ट मोजण्याचे उपकरण) डीसी व्होल्टवर ठेवून लाल टोक पिनेच्या आत आणि काळे बाहेरच्या धातूला लावावे. डब्यावर 19.5 व्होल्ट लिहिले असेल, तर आकडा त्याच्या आसपास यायला हवा. वायर हलवताना आकडा येतो-जातो असे दिसले, तर तुटलेली जागा तीच. यूएसबी-सी अडॅप्टर लॅपटॉप जोडल्याशिवाय पूर्ण व्होल्ट देत नाही, म्हणून ही चाचणी त्याला लागू नाही आणि त्याची वायरही कापू नये.

प्लग काढून काही मिनिटे थांबावे व दोषाच्या जागेपासून दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर सोडून वायर कापावी. पिनेजवळच तुटली असेल, तर पिनेसह मिळणारी तयार वायर, त्याच मापाची आणि तेवढीच जाड, आणावी. आतली तार बहुतेक वेळा धन असते आणि भोवतीची विणलेली जाळी ऋण असते. तरीही डब्यावरील धन-ऋणाची खूण पाहूनच जोडावे. काही कंपन्यांच्या वायरीत तिसरी बारीक तार असते. ती ओळखीची तार आहे. ती सुटली तर लॅपटॉप अडॅप्टर ओळखत नाही आणि बॅटरी चार्ज होत नाही.

डाग देण्याआधीच हीट श्रिंक नळी (उष्णतेने आवळणारी प्लॅस्टिकची नळी) वायरीत ओवून ठेवावी, नंतर ती घालता येत नाही. तारा घट्ट पिळून, 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने रोझिन फ्लक्स वापरून डाग द्यावा आणि दोन्ही सांधे एकमेकांसमोर न येता पुढे-मागे राहतील असे करावे. प्रत्येक सांध्यावर वेगळी नळी आणि वरून एक मोठी नळी आवळावी. केवळ चिकटपट्टीवर विसंबू नये. पावसाळ्यातील दमट हवेत तिचा चिकटपणा लवकर जातो.

प्लग लावण्यापूर्वी मल्टिमीटर सातत्य तपासणीवर (कंटिन्युइटी) ठेवून पिनेचा आतील व बाहेरील भाग तपासावा. क्षणभर आवाज येऊन थांबला तर हरकत नाही. सतत वाजत राहिला, तर कुठेतरी तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. मग प्लग लावून व्होल्ट आणि धन-ऋण पुन्हा पाहावे, आकडा उणे नसल्याची खात्री करावी आणि त्यानंतरच लॅपटॉप जोडावा. पहिला अर्धा तास जवळ बसून सांध्यावर अधूनमधून हात ठेवून पाहावा. तो गरम लागला, तर डाग कच्चा आहे, म्हणून प्लग काढून तो पुन्हा द्यावा.